डेल्सीचं नाव

प्रिय अल्मिरा,

यंदा खेकडे लवकर उतरले. डोंगरातून समुद्राकडे निघाले की आपल्या बॉटम हाउस गावाचा रस्ता कसा काळा होतो, ते तुला सांगायला नको. परवा दोन टोपल्या खेकडे एकटीनंच सोलले. तू समोर नव्हतीस, त्यामुळे "तुझी बोटं अजून झोपलीत का गं?" असं कुणी म्हणालं नाही.

आपली चर्चची मंडळी ठीक आहे. छपराला नवे पत्रे घातले. बाकं मात्र तीच, मोडक्या होडीच्या फळ्यांची. ती डोक्यावर घेऊन आपण चिंचेखाली आलो, तेव्हा वरच्या मोठ्या चर्चमधले लोक काय हसले होते! "बघा, बायका निघाल्यात मंडळी स्थापायला!" सहा वर्षं आपण दोघी घरोघर फिरलो. मिशनरी वर्षातून दोनदा बोटीनं यायचा, खाडीत उतरून बाप्तिस्मे द्यायचा आणि अहवालात लिहायचा की काम त्याचं. त्यावर आपण पोट धरधरून हसायचो.

खेकडे सोलतानाच मी तुला ते सांगितलं होतं. माझ्या डेल्सीला तिसरा महिना लागला होता, आणि तिचा तो खलाशी पनामातल्या कोलोनला जाणाऱ्या बोटीवर चढला तो गेलाच. घरात तिच्या बापालासुद्धा ठाऊक नव्हतं. तू माखलेल्या हातांनी माझं तोंड धरलंस आणि म्हणालीस, "वेडे, माझ्या पोटात राहील." तुझ्या पोटात ते अकरा दिवस राहिलं.

त्या बुधवारी आपल्याला स्वतंत्र मंडळी म्हणून मान्यता द्यायची की नाही, हे ठरवायला मिशनरी आला होता. सगळ्यांचं वागणं चोख आहे ना, असं त्यानं विचारलं. सवयीचा प्रश्न होता गं, सगळे नुसती मान डोलावत होते. तूच उठलीस. "खोट्यावर मंडळी उभी राहायची नाही," म्हणालीस आणि गाणाऱ्यांच्या बाकावर बसलेल्या माझ्या पोरीचं नाव घेतलंस. तिला काढून टाकायला हात वर झाले. मी चिटणीस, म्हणून मीच ते मोजले आणि माझ्याच हातानं सभासदांच्या वहीतलं तिचं नाव खोडलं. त्याच संध्याकाळी आपण स्वतंत्र झालो. मिशनरीनं तुझी पाठ थोपटली.

शनिवारी डेल्सी सान आंद्रेस बेटाच्या बोटीत बसली, तर तू धक्क्यावर भाजलेला नीरफणस घेऊन हजर! तिनं तो घेतला, याचा मला अजून राग येतो. नंतर मला म्हणालीस, "रोप जगवायचं तर तण उपटावंच लागतं, इव्हलिना." माझी मुलगी तण?

पुढं नऊ वर्षं आपण एकाच बाकावर बसलो, एकाच पुस्तकातून गायलो. लोकांना वाटलं, मी विसरले. मी विसरले नव्हते, मला फक्त दुसरी मैत्रीण नव्हती. गेल्या वर्षी तू तुझ्या मुलाकडे सान आंद्रेसला राहायला गेलीस, तेव्हाही वाटलं, निघताना तरी काही बोलशील. तू मला तुझ्या कोंबड्या सांभाळायला सांगितल्यास.

शुक्रवारी तिथल्या मंडळीचं पत्र आलं. भगिनी अल्मिरा आमच्यात येऊ इच्छिते, तुमच्याकडे ती सर्वांशी प्रेमानं राहिली का, ते कळवा. अक्षर माझ्या डेल्सीचं होतं. आपण खोडलेल्या माझ्या पोरीला त्या लोकांनी सगळं ऐकून घेऊनही सामावून घेतलं, चिटणीस केलं. तिच्यासमोर बसून तू अर्ज सांगितलास आणि तिनं तो उतरवून घेतला. मला मात्र एक ओळ लिहावी, असं तुला वाटलं नाही. तळाशी तिनं लिहिलंय, "आई, माझ्यापायी अडवू नकोस. बिचारी एकटीच मागं बसते." म्हणून उत्तर पाठवते आहे. पाकिटात दोन कागद आहेत. मंडळीच्या कागदावर लिहिलंय की तू सर्वांशी प्रेमानं राहिलीस. त्याखाली माझी सही आहे, आणि मंडळीच्या कागदावर मी लिहिलेलं ते पहिलं खोटं आहे. तो डेल्सीला दे. हा कागद तुझा. मी तुला माफ केलेलं नाही, अल्मिरा. माफ तिनं केलंय. येत्या रविवारी तिच्या शेजारी जाऊन बस, आणि जमलं तर तिच्या मुलाचं नाव विचार.

एके काळची तुझीच,
इव्हलिना