बरणीमागचा हिरवा दिवा

२६ मार्च, बुधवार

नात कामाला लागली — आणि उंबरासुद्धा ओलांडायचा नाही! कंपनी पुण्याची, काम आमच्या मधल्या खोलीत. कीर्ती कानाला ते लावून बसते, समोर लॅपटॉप. लोकांच्या विम्याच्या तक्रारी ऐकायच्या नि समजूत घालायची. मी म्हटलं, ह्याला पगार मिळतो व्हय? मी चाळीस वर्षं फुकटात करतेय की!

तीस वर्षं विड्या वळल्या, मान वर करायची सोय नव्हती. आता नात खुर्चीवर बसून ‘येस सर’ म्हणते. दारातनं बघत बसले तर तव्यावरची भाकरी करपली. माझा लेक त्रिंबक म्हणाला, “आई, तू काय सिनेमा बघतीस व्हय?”

व्हय. सिनेमाच. तिकीट नाही तेवढं.

२७ मार्च

माझीच दृष्ट लागली म्हणायची. तसलं मी मानत नाही, पण मग काय म्हणू? फोनवर गाणी चालतात, सुनेच्या अंगणवाडीचे फोटो जातात, कीर्तीच्या ऑफिसचं तेवढं जोडलं जात नाही. “सर, माझा आवाज येतोय का? हॅलो सर?” — दिवसभर हेच.

संध्याकाळी वायरवाला निंगप्पा आला. अक्कलकोटकडचा, निम्मं कानडीत बोलतो. म्हणाला, “आजी, कंपनीनं लॅपटॉपात राखणदार बसवलाय. फायरवॉल म्हंत्यात. तुमचा राउटर लई जुना. त्याचं नि राखणदाराचं जमंना. म्हणून घरचं सगळं चालतंय, ऑफिसचं तेवढं तटतंय.”

“मग राखणदाराला सांगा की, घर चांगलं हाय म्हणून.”

“तो पुण्याचा हाय आजी. ऐकतोय व्हय?”

नवा डबा आणावा लागणार.

२९ मार्च, शनिवार

नवा डबा आला. दोन शिंगं होती त्याच्या जागी चार शिंगांचा. निंगप्पानं विचारलं, “नाव काय घालू?” कीर्ती म्हणाली, “तेच ठेवा काका, पासवर्डपण तोच. म्हणजे घरात कुणाच्या फोनात काही करायला नको.” तेच म्हणजे ‘केसर’. माझं नाव! रत्नदीपनं घातलेलं. जुन्या डब्याचं बारसंच केलं होतं पोरानं.

त्रिंबक म्हणाला, “जुना डबा भंगारात द्या.” बघितलंसुद्धा नाही तिकडं. रत्नदीपनं हात लावलेल्या कुठल्याच वस्तूकडं तो बघत नाही.

मी पदराखाली घातला नि आत नेला.

३० मार्च

काल अर्धवट राहिलं. गुडघा दुखायला लागला की अक्षर वाकडं होतं.

रत्नदीप — माझा नातू, कीर्तीचा मोठा भाऊ. बापाला वाटायचं सरकारी परीक्षा द्यावी. ह्यानं मोबाईल दुरुस्तीची टपरी टाकली. रोज भांडण. दोन वर्षांमागं, भीमजयंतीच्या दुसऱ्या दिवशी त्रिंबक बोलून गेला, “ह्या घरात परत पाय ठेवू नको.” पोरगं पण बापावर गेलेलं. पिशवी उचलली नि गेलं. जुना नंबर लागत नाही. अकलूजला दिसला म्हणतात, कुणी म्हणतं पुण्याला.

तो टपरीवरनं यायचा तेव्हाची गोष्ट. मला म्हणाला होता, “आज्जे, मी बोळात वळलो की माझा फोन आपलं घर ओळखतो. ह्या डब्याचा मधला दिवा लुकलुकतो. लुकलुकला की चहा टाकायचा.” आणि खरंच! दिवा लुकलुकायचा, मी आधण ठेवायची, चहा उकळेस्तोवर हा दारात. एवढी वर्षं कुणाचा चहा असा वेळेवर झाला नसेल.

आता डबाच बंद झाला तर त्याचा फोन घर ओळखणार कसं?

३१ मार्च, सोमवार

नवा डबा झकास. कीर्तीचं एकदाही तटलं नाही. दुपारी निंगप्पाला फोन करून शाबासकी दिली.

आणि जुना डबा मी स्वयंपाकघरात लावला, शेंगाचटणीच्या मोठ्या बरणीमागं. वायर नाही लावली, नुसता लाइटीवर. सकाळी त्रिंबक कचेरीत गेला की लावायचा, सहाच्या आधी बटण बंद करायचं. हिरवा दिवा लागला बघ. आज उशिरा लावला, तीन वाजून गेले होते.

१ एप्रिल

दुपारी दोनला लुकलुकला!! हातात कणीक, तशीच दारात गेले. बोळ रिकामा. ऊन असलं की कुत्रंसुद्धा नाही. दहा मिनिटं उभी राहिले.

आत आले तर कीर्तीचं परत तटलेलं. रडकुंडीला आली होती. नवा डबा असून!

२ एप्रिल

साडेअकराला लुकलुकला. परत दारात. घंटागाडी आली होती नुसती. शेजारची म्हणाली, “आत्या, पाणी उद्या हाय, आज कशाला बाहेर?”

कीर्ती आज तीनदा तटली. एक गिऱ्हाईक लई वंगाळ बोललं म्हणे.

३ एप्रिल, गुरुवार

पाणी आलं पाच दिवसांनी. भरता भरता निम्मा दिवस गेला.

निंगप्पा संध्याकाळी साडेसहाला आला. लॅपटॉप लावून बघितला — सगळं फर्स्टक्लास. वायर बदलली तरी तेच. “आजी, मी आलो की बरं होतंय. माझा फोटो लावा भिंतीवर.” कीर्ती हसली नाही. तिनं कंपनीला फोन लावला. ते म्हणतात तुमच्या राउटरचा दोष. निंगप्पा म्हणतो तुमच्या फायरवॉलचा दोष. दोघांच्या मध्ये माझी पोरगी, एकदा ह्या कानाला, एकदा त्या कानाला. दोन व्याही भांडतात नि नवरी मांडवात उभी, तसं.

जाताना निंगप्पा म्हणाला, “कवा कवा तटतंय ते लिहून ठेवा.” कीर्तीनं माझ्याकडं बोट केलं. “आज्जी लिहील. तिची वही चालूच असते.”

मला लई मोठं वाटलं! तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईला ऑफिसचं काम.

४ एप्रिल, शुक्रवार

दहा वाजून वीस. पावणेदोन, जेवून बसली तेव्हा. सव्वाचार.

पुण्याच्या अक्षता मॅडमचा फोन आला. पुढच्या शुक्रवारपर्यंत नीट झालं नाही तर पंधरा तारखेपासनं पुण्याच्या ऑफिसात यायचं, नाहीतर नोकरी सोडायची. कीर्तीनं मला सांगितलं नाही, आईला सांगितलं, मी ऐकलं. “आई, मला जायचं नाही गं. आज्जीचं कोण बघणार दिवसभर?”

एक गेला. आता ही.

५ एप्रिल

जेवण गेलं नाही. त्रिंबक समोरच बसलेला. चटणी वाढायला बरणी उचलली नि डबा पडता पडता वाचला. त्यानं बघितलं काय, कळलं नाही.

७ एप्रिल, सोमवार

लिहायला हात धजत नाही. पण वहीशी खोटं बोलून कुठं जाऊ.

दुपारी कीर्ती ओरडली, “गेलं!” मी वेळ लिहिली — दोन वाजून पाच. तेवढ्यात बरणीमागं बघितलं. दिवा लुकलुकत होता. आज दारात गेले नाही. खाली बसले. वही मागं उलटली. एक तारीख, दोनला दिवा — नि आत कीर्ती रडत होती. शुक्रवारी सव्वाचारला तटलं म्हणून लिहिलंय. तेव्हा मी कुठं होते? दारात! दिवा बघून गेले होते. आणि निंगप्पा आला तेव्हा डबा बंद केलेला होता, त्याला काय दिसणार?

माझ्याच हातानं. पोरीच्या भाकरीत मीच माती कालवत होते.

डबा उचलून तिच्यापुढं ठेवला. म्हटलं, “बाई, हा मी लावत होते. काय बोलायचं ते बोल.”

तिनं डबा उलटापालटा करून बघितला. मग म्हणाली, “आज्जी, फोन डबा ओळखत नाही गं. नाव ओळखतो. दोन्ही डब्यांचं नाव केसर. लॅपटॉप फसतो, जवळचा धरतो. आणि ह्याच्यात इंटरनेटच नाही. नळ आहे, पाणी नाही — तसं.”

“मग टाक भंगारात.” मी म्हटलं. पण तोंड लपत नाही माणसाचं.

“कशासाठी लावत होतीस?” तिनं विचारलं. मी चहाचं सांगितलं.

तिनं सगळं ऐकलं. मग उठली नि नव्या डब्याचं नाव बदललं, आकडे-बिकडे घालून. घरातल्या सगळ्या फोनांतनं नि लॅपटॉपातनं केसर पुसून टाकलं. जुना डबा परत बरणीमागं ठेवला, लावला. “आता हा कुणाला नडत नाही. ह्याला ओळखणारा एकच फोन राहिला, आज्जी.”

९ एप्रिल

दोन दिवस झाले. एकदाही तटलं नाही. दिवाही लुकलुकला नाही.

एवढे दिवस लुकलुकत होता तो नुसता लॅपटॉप. मी मेली दारात पळत होते.

११ एप्रिल, शुक्रवार

मॅडम म्हणाल्या, घरूनच करा! कीर्तीनं मला खुर्चीवर बसवून कानाला ते लावलं. मी म्हटलं, “हॅलो सर, माझा आवाज येतोय का?” हसून हसून पोट दुखलं.

निंगप्पाला खरं सांगितलं. “आजी, कंपनीचं विंजनेर हरलं, मी हरलो, नि चोर सापडला चटणीमागं!” बरणीभर चटणी बांधून दिली त्याला.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी उठले तर बरणीमागं डबा नाही. घरभर शोधला. बघते तर बोळाकडच्या खिडकीत ठेवलेला, पुसून, शिंगं ताठ करून.

त्रिंबक बुटाला पॉलिश करत होता. मान वर न करता म्हणाला, “तितं चटणीमागं कुटं रेंज मिळणार? राहू दे हितं. रात्रीपण बंद करू नको.”

१४ एप्रिल, सोमवार

सकाळचे साडेआठ. सगळे विहारात गेलेत, मी गुडघ्यामुळं घरी. कीर्तीचा लॅपटॉप कपाटात, बंद. दोनदा जाऊन हात लावून बघितला — बंदच आहे.

मधला दिवा लुकलुकतोय.

आधण ठेवलंय.