बाईंचा अभंग

बाई, तुमच्यासमोर मी तुम्हाला कधी बाई म्हटलं नाही. टेक्ससमध्ये सगळेच म्हणतात तसं 'मॅम' म्हणायचे. पण घरी आल्यावर आईला सांगताना 'आज बाई म्हणाल्या' असंच तोंडात यायचं. हे पत्र मराठीत लिहितेय. तुम्हाला मराठी यायचं ते एका अभंगापुरतं, म्हणजे यातलं फारसं काही तुम्हाला कळलं नसतं. तरी मराठीतच, कारण इंग्रजीत मी तुमच्याशी एकदा खोटं बोलले आहे.

गेल्या महिन्यात इथल्या एका कॉलेजने तालमीच्या हॉलला तुमचं नाव दिलं. जुन्या विद्यार्थ्यांकडून आठवणी मागवल्या होत्या. मी पंधरा ओळी पाठवल्या. तुमचा आवाज, तुमची शिस्त, तुमच्यामुळे पुढच्या किती जणींना स्टेजवर उभं राहता आलं, असं सगळं लिहिलं. त्यांचं आभाराचं उत्तरही आलं. त्या ओळींत खोटं काही नव्हतं. जे घडलं ते मात्र त्यांत नव्हतं.

मी पंधरा वर्षांची होते. शाळेतल्या कॉयरच्या सरांनी तुमचं नाव सुचवलं, म्हणून आई दर शनिवारी मला शुगर लँडहून ह्यूस्टनच्या त्या भागात घेऊन यायची, जिथे आमच्या ओळखीचं कुणी जात नसे. पहिल्या दिवशी ती गाडीतच बसली. काचा वर, एसी चालू, दारं लॉक. आत तुम्ही मला एक स्वर लावायला सांगितलात, मी लावला, आणि तुम्ही म्हणालात, "तू परवानगी मागितल्यासारखी गातेस." मग तोच स्वर तुम्ही लावलात. मोठ्याने नाही, अगदी सहज, खालच्या पट्टीत. मला आधी तो ऐकूच आला नाही, छातीच्या हाडात जाणवला. तुम्ही गात राहिलात आणि मी दाराकडे पाहिलं, तर आई पायरीवर उभी. गाडी बंद करून, चपला काढून. देवळात आल्यासारखी ती तिथे का उभी राहिली, हे तिला नंतरही सांगता आलं नाही. पुढच्या शनिवारपासून ती आत बसू लागली.

तुमच्याबद्दलची माहिती मला तुकड्यातुकड्यांनी मिळाली. इथल्या रंगमंचांवर जागा मिळेना म्हणून तुम्ही जर्मनीत गेलात, बारा वर्षं तिथल्या ऑपेरांमधून गायलात. आजारी आईसाठी परत आलात आणि मग इथेच राहिलात. शहरातल्या मोठ्या हॉलमध्ये मुख्य भूमिका गाणारी पहिली कृष्णवर्णीय गायिका तुम्ही. त्या वेळचा एकही फोटो तुम्ही भिंतीवर लावला नव्हता. भिंतीवर तुमची आई होती आणि एक कॅलेंडर.

एकदा तुम्ही आईला विचारलंत, घरी तू काय गातेस? आई लाजली, पण एक अभंग गुणगुणली. तुम्ही तो पुन्हा म्हणायला लावलात, मग आणखी एकदा. पुढचे दोन महिने माझा धडा संपला की तुमच्या स्वयंपाकघरात तुमचा धडा सुरू व्हायचा. तुम्ही शब्दांवर पेन्सिलीने तुमच्या खुणा करता, आई चहा उकळते, मी टेबलाशी बसून ळ म्हणून दाखवते. डोळा. आभाळ. कपाळ. तुमची जीभ दातांमागेच लागते आणि लच बाहेर येतो. तुम्ही स्वतःवर चिडता, आरशात पाहून पुन्हा म्हणता. साठी उलटलेली, चार भाषांत गायलेली बाई एका अक्षरासाठी दोन महिने घालवते, हे मी तेव्हा नवलाने पाहिलं. ज्या दिवशी ळ जमला त्या दिवशी तुम्ही अभंग सलग गायलात आणि मी टेप केला.

त्या वर्षी बाबा इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष होते. दिवाळीच्या कार्यक्रमाची मीटिंग आमच्या घरी होती. मी टेप लावली. नागपूरचे एक काका चष्मा पुसत म्हणाले, अमेरिकन बाई आणि हे उच्चार? बोलवा यांना. बाबांनी तिथल्या तिथे तारीख ठरवली. तुम्हाला फोन मीच केला. तुम्ही हसलात आणि साडी नेसून यायचं का, असं विचारलंत.

मग तबलेवाल्यांबरोबर तालीम करायला तुम्ही आमच्या घरी आलात. मंडळातली चारपाच माणसं होती. सगळे नीट बोलले, आईने तुम्हाला खायला दिलं, नागपूरचे काका तुम्हाला गाडीपर्यंत सोडायला गेले. दुसऱ्या दिवसापासून आमचा फोन वाजत राहिला. तिसऱ्या दिवशी जेवताना बाबा मला म्हणाले, "त्या ब्लॅक आहेत हे तू आधी बोलली नाहीस."

मी म्हटलं, कुणी विचारलं नाही. बाबा चिडले नाहीत. कार्यक्रमाला म्हातारी माणसं येतात, इंडियाहून आलेले आईवडील असतात, लोकांना वेगळं वाटतं, असं काहीबाही ते समजावत राहिले. मी विचारलं, गोऱ्या असत्या तर? त्यांनी आमटी वाढून घेतली. आई मान खाली घालून पोळी मोडत होती. ती पायरीवर उभी राहिली होती हे तिलाही आठवत असणार, मलाही आठवत होतं.

"तू फोन कर," बाबा म्हणाले. "तुझं त्या मनावर घेणार नाहीत."

मी फोन केला. प्रोग्रॅम कॅन्सल झाला म्हणून सांगितलं. तुम्ही विचारलंत, सगळाच? मी हो म्हटलं. तुम्ही 'बरं' म्हणालात आणि येत्या शनिवारी येऊ नकोस, त्यानंतरच्या शनिवारी ये, असं सांगितलंत.

मी आले तेव्हा कार्यक्रम होऊन गेला होता. आई त्या दिवशी पुन्हा गाडीतच बसली. तुम्ही मला पियानोपाशी नेलं नाहीत, स्वयंपाकघरात बसवलंत. वेलदोडे आणायला इंडियन ग्रोसरीत गेला होतात, दारावर मंडळाचं पत्रक होतं, त्यावर तीच तारीख होती. हे तुम्ही हवापाण्याविषयी बोलावं तसं सांगितलंत. तरुणपणी तुम्ही हॉलना पत्रं लिहायचात आणि उत्तर यायचं, त्या दिवशी हॉल रिकामा नाही. मग तुमची गोरी मैत्रीण फोन करायची, आणि हॉल रिकामा असायचा. ज्या मोठ्या हॉलात तुम्ही पहिल्या ठरलात, तिथेही तुम्हाला मागच्या दाराने आत नेलं होतं, भटारखान्यातून. भांडी घासणाऱ्या बायका हात पुसत उभ्या राहिल्या होत्या, एवढंच सांगितलंत.

मी रडायला लागले. तुम्ही जवळ घेतलं नाहीत.

"दुसऱ्याचं खोटं तोंडात घेऊन फिरू नकोस," तुम्ही म्हणालात. "गायचंय तुला त्या तोंडाने."

मग नेहमीसारखा धडा घेतलात. माझ्या बरगड्यांवर हात ठेवून श्वास मोजलात. अभंगाचा कागद टेबलावर नव्हता आणि तो पुन्हा कधी दिसला नाही. मी आणखी तीन शनिवार आले. चौथ्या शनिवारी आईला सांगितलं, अभ्यास फार आहे. तुम्ही दोनदा फोन केलात, मी घरात असून घेतला नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तुम्ही गेल्याचं आईने कळवलं. मी अंत्यविधीला आले नाही. परीक्षा होती, पण ती पुढे ढकलता आली असती.

तुमची एकच रेकॉर्ड निघाली होती, ती आता कुणी इंटरनेटवर टाकली आहे. परवा मी ती बाबांना ऐकवली. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, कान मात्र चांगले आहेत. डोळे मिटून पूर्ण ऐकली आणि कोण म्हणून विचारलं. मी सांगितलं.

"तेव्हा आम्हाला भीती वाटायची," ते म्हणाले.

"कशाची?"

"ते आता आठवत नाही."

मी त्यांची औषधं काढून ठेवली आणि घरी आले. बरोबर आलेली माझी मुलगी विचारत होती, हू वॉज शी? मी म्हटलं, माय टीचर. ती बरं म्हणून खोलीत गेली.

हे लिहून झालं की मी कुणाला दाखवणार नाही. कॉलेजच्या पुस्तकात त्या पंधरा ओळीच छापल्या जातील. पण एक गोष्ट मी त्या स्वयंपाकघरात सांगितली नाही. दिवाळीच्या कार्यक्रमात तुमच्या जागी अभंग मी गायले. बाबांनी सांगितलं आणि मी नाही म्हटलं नाही. तुम्ही शिकवलात तसा श्वास घेतला, तुम्ही थांबत होतात तिथेच थांबले, आणि आयुष्यात पहिल्यांदा परवानगी न मागता गायले. लोक उभे राहिले. खूप वेळ टाळ्या वाजत होत्या, आणि बाई, तेव्हा मला तुमची आठवण झाली नाही. मला फार बरं वाटत होतं.