मुद्देमाल क्रमांक ४३ मधील तीन मासोळ्या ओतून न देणेबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष साहेब,
जप्त मुद्देमाल नाश समिती,
वाशीम.

अर्जदार : श्रीमती गोमतीबाई धरमसिंग आडे, वय ६१, रा. खोरीचा तांडा, शेलूबाजारजवळ, ता. मंगरूळपीर, जि. वाशीम.

विषय : दि. २० मे रोजी सकाळी अकरा वाजता खड्ड्यात ओतल्या जाणाऱ्या मालातून काचेची एक बरणी वगळणेबाबत (अत्यंत तातडीचे).

संदर्भ : १) अर्जदाराचाच दि. ६ एप्रिलचा, नाल्यापलीकडच्या दारूविक्रीविरुद्धचा तक्रार अर्ज.
२) त्या अर्जावरून आलेल्या पथकाने दि. २३ एप्रिल रोजी अर्जदाराच्याच घरी केलेला पंचनामा.

महोदय,

अर्जदार हात जोडून खालीलप्रमाणे निवेदन करते. अर्ज लांबला आहे याची जाणीव आहे. परंतु मध्ये उद्याचा एकच दिवस आहे, त्यामुळे काय गाळावे ते अर्जदारास समजले नाही.

१. अर्जदार सातवी शिकलेली असून तांड्याच्या महिला दारूबंदी मंडळाची अकरा वर्षांपासून अध्यक्ष आहे. मांस-मासोळी शिवत नाही. पहाटे उठल्यापासून सेवालाल महाराजांपुढे दिवा लावून जप पुरा होईपर्यंत, म्हणजे साधारण आठ वाजेपर्यंत, रोज मौन पाळते. त्यास सव्वीस वर्षे झाली. हे मोठेपणा म्हणून लिहिलेले नाही. पुढे जे घडले ते यामुळेच घडले, म्हणून लिहिणे भाग आहे.

२. उन्हाळ्यात तांड्यावरच्या बाया नाल्याच्या वाळूत झिरे खोदून पाणी भरतात. अर्जदार ते पाणी फडक्याने गाळते. फडक्यात कधी बोटाच्या दोन पेरांएवढी मासोळी येते : मातकट रंगाची, अंगावर खवले नाहीत, तोंडाशी मिशा, सोडली की दगडाला पोट लावून बसणारी. ती परत झिऱ्यात सोडायची, ही सासूबाईंपासूनची रीत. चाळीस वर्षांत अशा किती सोडल्या त्याची मोजदाद नाही. तिला तांड्यात नाव नाही. शेजारचे श्री. रूपला म्हणतात, "जे खाता येत नाई, त्याले नाव कोन ठेवते?"

३. गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर कारंजा लाडच्या कु. रुचिका या संशोधक मुलीने नाल्यातील मासे पाहता पाहता अर्जदाराच्या फडक्यातली ही मासोळी पाहिली आणि ती मुलगी तिथेच वाळूत बसली. तिने त्या वेळी पाच मासोळ्या फॉर्मेलिनच्या पाण्यात घालून नेल्या. हिवाळाभर त्यांच्या मिशांच्या जोड्या, परांतले काटे आणि एक्स-रे काढून पाठीचे मणके मोजले. हिच्यासारख्या दिसणाऱ्या जातीचे मणके छत्तीस असतात, हिचे पाचहीजणींचे चौतीस भरले. अशी मासोळी आजवर कोणी लिहून ठेवलेली नाही, असे तिचे मत झाले.

४. पण नुसत्या हाडांवर भागत नाही. रुचिकाने अर्जदारास समजेल असे सांगितले : "मावशी, तुमच्यात सोयरीक जुळवताना नुसतं तोंड पाहून हो म्हणता का? गोत पाहता ना? तसं हिचं गोत पाहायचं राहिलं आहे." ते गोत मांसाच्या कणाकणात लिहिलेले असते आणि प्रयोगशाळेत वाचता येते. फॉर्मेलिनमध्ये अंग चांगले टिकते, मात्र हे लिखाण तुटून जाते. पाचहींचे तसेच झाले. त्यासाठी मासोळी शुद्ध स्पिरिटमध्येच ठेवावी लागते.

५. म्हणून ती दि. २१ एप्रिल रोजी पुन्हा आली. तोवर नाला आटून एकच झिरा उरला होता. रुचिकाच्या जाळीत काही येईना. शेवटी अर्जदाराने आपले फडके झिऱ्यात सोडून तीन मासोळ्या धरल्या. या वेळी परत सोडल्या नाहीत. त्या दिवशी अर्जदाराने पाणीसुद्धा घेतले नाही. हातून तीन जीव गेले ते कशासाठी, एवढे साहेबांनी ध्यानात ठेवावे ही विनंती, कारण सगळा अर्ज त्यावरच आहे.

६. बरणी घेऊन रुचिका शेलूबाजारला एसटीत चढली. वाहकाने स्पिरिट पाहून खाली उतरवले. नियमाने त्यांचे बरोबर होते. मग तिने बरणी अर्जदाराच्या देवघरात, मातीच्या गार भिंतीला टेकून ठेवली आणि गाडीची सोय करायला कारंज्याला गेली. दोन दिवसांत येते म्हणाली.

७. दि. २३ एप्रिल रोजी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पथक आले. अर्जदाराच्या तक्रारीवरूनच आले होते. नाल्यापलीकडचा विकणारा आदल्या दिवशीच पसार झाला होता. मोकळ्या हाताने कसे परतावे, म्हणून तांड्यातली घरे पाहिली. देवघरातली बरणी निघाली. पथकातील साहेबांनी झाकण काढून वास घेतला, नळकांडीत थोडे ओतून मोजायचे यंत्र बुडवले. यंत्र तळाला जाऊन टेकले. ते म्हणाले, "बाप रे! येवढी कडक तं मी नोकरीत नाई पाह्यली."

८. अर्जदाराचे मौन चालू होते. सून सरिता धावत आली आणि म्हणाली, "साहेब, माय आठ वाजेपर्यंत बोलत नाई. ते दारू नोहे, त्यात मासोळ्या हायत, शाळेच्या कामाच्या." त्यावर एक शिपाई म्हणाला, "वा! चखना बी आतच टाकून ठेवला काय?" सर्वजण हसले. पंच म्हणून आणलेले शेलूबाजारचे दुकानदार मारोतराव हसले नाहीत. ते म्हणाले, "अहो, या बाईनं माह्या दुकानासमोर दारूबंदीसाठी उपोषण केलं हाय." साहेब म्हणाले, "मंग मालाची जागा तिलेच चांगली मालूम असन." बरणीवर चिठ्ठी नाही असे पंचनाम्यात लिहिले. चिठ्ठी आत आहे, साहेब. स्पिरिटमध्ये शाई विरघळते, म्हणून पेन्सिलीने लिहून मासोळ्यांसोबतच टाकतात. ती कोणी वाचली नाही.

९. अर्जदाराने त्या वेळी मौन सोडायला हवे होते, हे अर्जदारास मान्य आहे. तोंड उघडले होते. सव्वीस वर्षांचे व्रत मध्ये आले आणि शब्द निघाला नाही. साहेबांनी पंचनामा पुढे केला, तेव्हा सहीसुद्धा केली. जप संपला तेव्हा गाडी जाऊन वीस मिनिटे झाली होती. यात पथकाचा दोष अर्जदार काढत नाही. न बोलणाऱ्याचा दोष आधी.

१०. त्यानंतर दि. २ मे रोजी नाल्याचे खोलीकरण सुरू झाले. झिऱ्याच्या जागी आज बारा फुटांचा चर आहे. रुचिकाने आठ दिवस वर-खाली अडाण नदीपर्यंत शोध घेतला. एकही मिळाली नाही. पावसाळ्यात येतील की नाही, हे ती सांगू शकत नाही. म्हणजे आज घडीला या जातीचे गोत वाचता येईल असे तीनच देह आहेत आणि ते आपल्या यादीत अनुक्रमांक ४३ वर "पांढरे कडक द्रव, अंदाजे एक लिटर, आत मेलेले लहान मासे ३" असे आहेत.

११. अर्जदार आपल्या कार्यालयात चार वेळा आली. रुचिकाचे पत्र आणि तिच्या संस्थेचा स्पिरिट बाळगण्याचा परवाना दाखवला. पहिल्यांदा सांगण्यात आले की घर अर्जदाराचे, सही अर्जदाराची, तेव्हा त्या मुलीचा संबंध नाही. दुसऱ्यांदा सांगण्यात आले की दारू नाही असा तपासणी अहवाल आणा. अहवालास तीन महिने लागतात आणि माल २० तारखेला ओतायचा आहे. तिसऱ्यांदा अर्जदाराने विचारले की अहवाल चांगला आला, तर बरणी परत मिळेल का? उत्तर मिळाले, "बरणी मिळन की माय, रिकामी."

१२. चौथ्या वेळी, म्हणजे काल, मुद्देमाल खोलीच्या खिडकीतून बरणी दिसली. ती पश्चिमेच्या गजांशी ठेवली आहे आणि दुपारचे ऊन थेट तिच्यावर येते. स्पिरिट दीड बोट उतरले आहे. एका मासोळीची पाठ वर उघडी पडली आहे. झाकण नीट बसलेले नसावे. कोणी चाखले असे अर्जदार म्हणत नाही, परंतु तशी शंका कोणास असल्यास त्यांना कृपया सांगावे की त्याने घसा जळतो, जीवही जातो. अर्जदाराने खिडकीतून हात घालून पाहिला, पोचला नाही. हे कबूल करणे योग्य वाटल्याने लिहिले.

१३. त्याच दिवशी तेथील कारकून श्री. इंद्रभान यांनी अर्जदारास पाणी दिले आणि दयेने एक गोष्ट सांगितली. त्यांचे शब्द असे : "ज्याची केस कोर्टात चालू असते ना, त्याचा माल निकाल लागेपर्यंत शिक्कामोर्तब करून सांभाळा लागते. त्याले कोनी हात लावत नाई. तुमाले तं वय पाहून समज देऊन सोडलं. केस मिटली, माय. नशीबवान हा तुमी." अर्जदार घरी आली आणि रात्रभर या नशिबाचा विचार करीत बसली.

१४. सबब अर्जदाराची आपल्या चरणी प्रार्थना अशी :

(अ) अर्जदारास समज देऊन सोडण्याची जी मेहरबानी झाली, ती मागे घ्यावी.

(आ) देवघरात शुद्ध, यंत्राने मोजता न येण्याइतके कडक द्रव्य जाणूनबुजून ठेवल्याबद्दल अर्जदारावर रीतसर गुन्हा दाखल करून प्रकरण कोर्टात पाठवावे. द्रव्य अर्जदाराच्या घरात होते, अर्जदारास माहीत होते आणि सही अर्जदाराची आहे. या तिन्ही गोष्टी खऱ्या असल्याने कोर्टात खोटे बोलावे लागणार नाही. ते दारू होते की नव्हते, हे न्यायाधीश साहेब ठरवतील. त्यांना लागेल तेवढा वेळ त्यांनी घ्यावा.

(इ) तोपर्यंत बरणी पुरावा म्हणून, झाकणास मेण लावून, उन्हापासून दूर ठेवावी. कमी झालेले स्पिरिट भरून द्यायला रुचिका परवान्यासह कार्यालयाबाहेर बसून आहे. पाणी घालू नये. पाण्याने सगळे जाईल.

(ई) कोर्टाच्या परवानगीने तपासणीसाठी नमुना काढतील तेव्हा प्रत्येक मासोळीच्या शेपटीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा रुचिकास द्यावा. तिला तेवढा पुरतो.

१५. गुन्हा दाखल झाल्यास दारूबंदी मंडळाचे अध्यक्षपद अर्जदाराकडे राहू शकत नाही. राजीनामा सोबत जोडला आहे. तांड्यावर लोक काय म्हणतील, ते पंचनाम्याच्या दिवसापासून म्हणतच आहेत. सरिता रडली. म्हणाली, "माय, तुह्या नावावर दारूची केस? मासोळीसाठी?" तिला अर्जदाराने सांगितले, तेच आपणास सांगते. त्या तिघींना मीच पकडले. त्यांचे गोत लागले, तर त्या कोण होत्या हे जगास समजेल आणि त्यांचे मरण कामी येईल. खड्ड्यात ओतल्या गेल्या, तर मी फक्त तीन जीव मारले असे होईल. त्या पापाला कोणत्याही कार्यालयात अर्ज करता येत नाही.

सोबत : १) रुचिकाचे पत्र व संस्थेच्या परवान्याची प्रत. २) मणक्यांच्या एक्स-रेची प्रत. ३) मंडळाच्या अध्यक्षपदाचा राजीनामा. ४) गुन्हा कबुलीचा जबाब, सही करून. तारखेची जागा मोकळी सोडली आहे, कार्यालयास सोयीची टाकावी.

दि. २० रोजी अकराच्या आत आपला हुकूम व्हावा. अर्जदार सकाळी सहापासून फाटकाशी उभी राहील आणि विचारल्यास त्या दिवशी लगेच बोलेल.

दिनांक : १८ मे
ठिकाण : वाशीम

आपल्या दयेतून मोकळी होऊ इच्छिणारी,
(सही)
गोमतीबाई धरमसिंग आडे
अर्जदार, आणि अर्ज मंजूर झाल्यास, आरोपी