तीन दिवसांचं पाणी

१ जानेवारी २०२५, सकाळी साडेदहा
नवी वही, नवं पेन. काल बाराच्या ठोक्याला रीतीप्रमाणे खुर्चीवरून नव्या वर्षात उडी मारली. उतरताना टेबलावरचा दिवा गेला, पण उडी चांगली होती. बायकोनं, आस्तानं, या वर्षी उडी मारली नाही. खुर्चीची पाठ धरून नुसती उतरली आणि म्हणाली, दमले रे. मी म्हटलं, अडुसष्टाव्या वर्षी दमायला काय झालं? मी एकाहत्तरचा आहे.
संकल्प. सरकारनं गेल्या उन्हाळ्यात सांगितलं की प्रत्येक घराला संकटात तीन दिवस आपल्या बळावर काढता आले पाहिजेत. माणशी दिवसाला तीन लिटर पाणी. सगळा देश हो म्हणाला आणि समुद्रावर पोहायला गेला. मीही गेलो होतो, पण मी विचार करत पोहलो. या वर्षी तळघर ईस्टरच्या आत सज्ज. बिअर फक्त शनिवार-रविवार (शुक्रवार धरून). आस्ताशी योजनेबद्दल बोलताना आवाज चढवायचा नाही.
शाळेत एकतीस वर्षं केअरटेकर होतो. आगीची प्रत्येक कवायत माझ्या शिट्टीवर झाली. एकही मूल भाजलं नाही. आगही लागली नाही, पण तो मुद्दा वेगळा.

८ जानेवारी
अटलांटिकपलीकडून जाहीर झालं की त्यांना आमचं ग्रीनलँड हवंय, आणि सैन्य वापरणार नाही असं काही ते लिहून देणार नाहीत. दुपारपर्यंत टोमॅटोतल्या मॅकरेलचे चोवीस डबे आणले. पाणी अठरा लिटर भरलं. नऊ तिचं, नऊ माझं, कॅनवर नावं घातली. आस्ता म्हणाली, वेर्नर, ते ग्रीनलँड मागतायत, आपलं तळघर नाही. आवाज चढवला नाही. फार नाही.

१७ फेब्रुवारी
आस्ताला आरोग्य खात्याचं पाकीट आलं. पन्नाशीनंतर सगळ्यांनाच दोन वर्षांनी येतं. आतड्याच्या कॅन्सरची चाचणी, नमुना घरीच घ्यायचा आणि नळी टपालात टाकायची. तिनं त्याच दिवशी कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकली. तुझं गेल्या वर्षीचं पाकीट कुठाय म्हणून विचारलं. सुरक्षित जागी आहे, म्हटलं. नक्की कुठे ते आठवत नाही.

६ मार्च
मोठी बातमी. चारशे वर्षं चाललेलं पत्रांचं वाटप टपालवाले या वर्षाअखेरीस बंद करणार. पंधराशे जणांच्या नोकऱ्या जाणार. आस्ताला फार लागलं, ती अजून बहिणीला शाईनं पत्र लिहिते. मी म्हटलं, कागद काय, पावसात भिजतो. सरकारी टपाल तर कधीपासूनच डिजिटल पेटीत येतं. आस्ताला पासवर्डचा कंटाळा, म्हणून तिच्या पेटीची चावी माझ्याकडे आहे. जबाबदार हातात आहे.
संध्याकाळी लायब्ररीत सायबर धोक्यांवर व्याख्यान. पंचविशीतली मुलगी, पण हुशार. खोटा निरोप ओळखायच्या तीन खुणा सांगितल्या: अनपेक्षित असतो, सरकारी थाटात असतो आणि घाई करतो. शंका आली तर लिंक न दाबता स्वतः फोन करून खात्री करा, असंही म्हणाली. तेवढं मी वहीत घेतलं नाही, कॉफी संपत आली होती.

१२ मार्च, बुधवार
आला! आस्ताच्या पेटीत हॉस्पिटलच्या नावानं निरोप. मथळा, तपासणीची वेळ, कृपया लगेच वाचा. अनपेक्षित, कारण आम्ही कुठलीच वेळ मागितली नव्हती. सरकारी थाट. घाई. तिन्ही खुणा एकाच ओळीत. उघडला नाही. ‘संशयित’ नावाचं फोल्डर केलं आणि त्यात टाकला. चुकलो नाही. एक बिअर घेतली. बुधवार होता, पण प्रसंगच तसा होता. आस्तानं विचारलं, आज काय साजरं करतोयस? म्हटलं, वेळ आली की सांगेन.

३ एप्रिल
आणखी दोन निरोप, त्याच ठिकाणाहून. चिकाटी बघा. आस्ताच्या मोबाईलवर अनोळखी नंबरवरूनही दोनदा फोन. तिला बजावलं, उचलायचा नाही, आणि तो नंबर तिच्या मोबाईलवर बंद करून टाकला. ती म्हणाली, माझ्या त्या चाचणीचं काही आलं का रे? म्हटलं, काही असतं तर कळलं नसतं का?
ईस्टर अजून सतरा दिवस. तळघरात कंदील, रेडिओ, आयोडीनच्या गोळ्या. बॅटऱ्या चुकीच्या मापाच्या आल्यात.

७ मे, दुपारी एक
मेचा पहिला बुधवार. बारा वाजता देशभर भोंगे वाजवून बघतात. लोक घड्याळ जुळवतात आणि जेवायला बसतात. मी शिट्टी घेऊन दारात उभा. लक्ष्य, दोघंही तळघरात, नव्वद सेकंद. प्रत्यक्षात मी चाळीस सेकंद, आस्ता सहा मिनिटं. मधल्या पायरीवर बसली, पोटावर हात धरून. मी वर जाऊन घड्याळ दाखवलं. ती म्हणाली, शत्रूला सांग, म्हातारी येतेय, जरा थांबा.
वहीत ‘सराव हवा’ असं लाल शाईनं लिहिलं. शेजारचा योर्न कुंपणावरून ओरडला, काय कर्नल, शिट्टी वाजवली की बायको धावते म्हणे तुमची? आमची तर हाक मारली तरी येत नाही! अशा माणसांना मॅकरेल मिळणार नाही.

१५ मे
उद्या मोठ्या प्रार्थनेची सुट्टी असायची. संरक्षणाच्या खर्चासाठी सरकारनं ती बंद केली, तिला दोन वर्षं झाली. आदल्या संध्याकाळचे वेलची घातलेले गरम बन मात्र कोणाला बंद करता आले नाहीत. आस्तानं बारा केले. मी सात खाल्ले, देशासाठी. तिनं अर्धा घेतला आणि तोही बशीतच राहिला. वास छान येतोय, तेवढं पुरे, म्हणाली. उरलेले फ्रीझरमध्ये टाकले.

२४ जून
काल फ्योर्डच्या, म्हणजे खाडीच्या, काठावर सांक्त हान्सची, भर उन्हाळ्यातली होळी, वर कापडाची चेटकीण, खाली गाणी. आस्ता आली नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच एकटा गेलो. योर्ननं विचारलं, वहिनी कुठायत? म्हटलं, विश्रांती, तीही तयारीचाच भाग आहे.
कोपऱ्यावरची लाल पेटी आज काढून नेली. फरशीत बोल्टची चार भोकं राहिली. आस्ता खिडकीत उभी राहून ट्रक जाईपर्यंत बघत होती. निळा झगा तिला ढगळ झालाय. म्हटलं, बघ, जिन्याच्या सरावाचा फायदा! हसली. मग खुर्चीवर बसली आणि बराच वेळ उठली नाही.
उन्हाळा संपला की डॉक्टरला दाखवू. आत्ता सगळे सुट्टीवर असतात.

१६ ऑगस्ट
मायकन ओडेन्सहून आली. आमची एकुलती एक. दारातच आईला बघितलं आणि बॅग हातातून सोडली. आई, हे काय झालंय तुझं? मग माझ्याकडे वळली. बाबा, तुम्ही एकाच घरात राहता ना? की तुम्ही तळघरात राहता? मी तिला कॅनवरची नावं दाखवायला नेणार होतो. राहून गेलं.

१८ ऑगस्ट
डॉक्टर बाईंनी पडद्यावर बघितलं आणि विचारलं, मार्चमध्ये आतड्याच्या तपासणीला का आला नाहीत? नमुन्यात रक्त सापडलं होतं. वेळ दिली होती, पुन्हा दिली होती. आस्ता म्हणाली, मला काही आलंच नाही हो. बाई म्हणाल्या, पाठवलेलं दिसतंय. मायकन माझ्याकडे बघत होती. मी भिंतीवरचं आतड्याचं चित्र बघत होतो. फार लांब असतं.
यंत्रणेत कुणीतरी घुसलं असण्याची शक्यता आहे. चौकशी करायला हवी.

२ सप्टेंबर
कॅन्सर यकृतातही आहे. हॉस्पिटलातला डॉक्टर ‘मार्च’ हा शब्द एकदाच बोलला आणि पुढे गेला.
आज आस्ताला फोल्डरबद्दल सांगणार होतो. गाडीत सांगणार होतो, पण पुलावर ट्रॅफिक होता. घरी आल्यावर ती झोपली. उद्या सांगतो.

१० सप्टेंबर
आज सांगणार होतो. मायकनचा फोन आला. ती माझ्याशी हो, नाही, बरं एवढंच बोलते.

२५ सप्टेंबर, संध्याकाळी
काल रात्री ऑलबोर्गच्या विमानतळावर ड्रोन! विमानतळ काही तास बंद. आमच्या नॉरेसुंडबीतल्या घरापासून चार किलोमीटर! नऊ महिने ज्यासाठी उभा होतो ते आलं आणि मी घरी नव्हतो. हॉस्पिटलात आस्ताच्या पलंगाशेजारी खुर्चीत झोपलो होतो. दुर्बीण घरी, शिट्टी घरी. बातमी नर्सकडून कळली.
आस्ताला सांगितलं. केमोनं तिचा आवाज गेलाय. अरेरे, म्हणाली, तुला बघायला मिळायला हवं होतं.
दुपारी योर्न दारात. पहिल्यांदाच कर्नल म्हटलं नाही. वेर्नर, म्हणाला, डबे जास्तीचे असतील तर देतोस का? आमच्याकडे फक्त चिप्स आहेत. चार दिले. हा माझा विजयाचा दिवस असायला हवा होता. दार लावलं आणि तिथेच पायपुसण्यावर उभा राहिलो.

१ ऑक्टोबर
कोपनहेगनला युरोपभरचे पुढारी जमलेत. ड्रोन उडवायला देशभर बंदी. बंदी घातली की कसं बरं वाटतं. औषधाचा उपयोग होत नाही, ते थांबवणार. आस्ता घरी येतेय. नगरपालिकेनं दिवाणखान्यात बटणांचा पलंग लावून दिला. शिडीपेक्षा जड आहे, मी उचलून बघितला.

१० नोव्हेंबर
मॉर्टनची संध्याकाळ, घरोघरी बदक भाजायची. बदक भाजलं, बाहेरून काळं, आतून गुलाबी. आस्तानं एक चमचा रस घेतला. म्हणाली, हे बदक शरण न येता मेलेलं दिसतंय. आम्ही दोघं हसलो. आज सांगायचं होतं, पण हसणं मोडवलं नाही.

१३ नोव्हेंबर
नगरपालिकांची निवडणूक पाच दिवसांवर आणि सरकारी वेबसाइट, पक्षांच्या वेबसाइट, सगळ्यांवर परकी हल्ला! मी म्हणत होतो! बातमी छापून घेतली आणि पलंगापाशी उभा राहून मोठ्यानं वाचली. बघ, म्हटलं, माणसानं सावध राहणं काही वेडेपणा नसतो.
आस्तानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, वेर्नर, ते फोल्डर मी बघितलंय. ऑगस्टमध्येच. मायकननं उघडून दाखवलं. ती तुला सोडणार नव्हती, मी तिला बोलू दिलं नाही.
मी कागदाची घडी घातली. मग अजून एक. विचारलं, रागावली नाहीस?
म्हणाली, रागावले ना. तीन आठवडे रागावले होते. तुला कळलंच नाही, तू बॅटऱ्या बदलत होतास.
मग म्हणाली, त्या बुधवारी बिअर प्यायलास ना, ती त्याचीच होती?
हो म्हटलं.
किती खूश होतास रे, म्हणाली आणि डोळे मिटले. माफ कर म्हणायचं होतं. तोंडातून आलं, पाणी देऊ का?

१९ नोव्हेंबर
काल मतदान. आस्तानं आधीच घरी मत दिलं होतं, दोन माणसं पाकीट घेऊन आली होती. कुणाला दिलंस विचारलं तर म्हणाली, संशयित आहे. कोपनहेगन शंभराहून जास्त वर्षांनी एका पक्षाच्या हातून गेलं. टीव्हीवर सगळे म्हणतात, आम्हाला कल्पना नव्हती. असते कल्पना. बघायचं नसतं. टीव्ही बंद केला.

४ डिसेंबर
आस्ता मंगळवारी गेली. सकाळी अकराला. मायकन तिच्याजवळ होती. मी स्वयंपाकघरात होतो, पाणी भरत होतो.

१६ डिसेंबर
पलंग घेऊन गेले. गालिच्यावर चार खड्डे.

३० डिसेंबर
आज शेवटची पत्रं वाटली. पोस्टमन टोपी काढून दारात उभा राहिला. सांत्वनाची दोन कार्डं, आणि आस्ताच्या बहिणीचं नाताळचं पत्र, आस्ताच्या नावावर. आस्ता गेल्याचं बहिणीला कळवायचं काम माझ्याकडे होतं. संकल्पात धरतो.
तळघरात माझं चाचणीचं पाकीट सापडलं, मॅकरेलच्या मागे. कोपऱ्यापर्यंत गेलो. चार भोकं होती, त्यांत बर्फ होता.

३१ डिसेंबर, संध्याकाळी
सहाला राजाचं भाषण. उभं राहून ऐकायचा आमचा रिवाज होता. बसून ऐकलं. काय म्हणाला आठवत नाही. मायकननं जेवायला बोलावलं होतं, म्हणाली, बाबा, एकटे राहू नका. तयारी करायचीय, म्हटलं. ती म्हणाली, कशाची?
भाषणानंतर फोल्डर उघडलं. पहिला निरोप वाचला. खरा होता, साधा होता. २७ मार्च, सकाळी सव्वानऊ. सोबत जवळचं माणूस आणावं. गाडी चालवू नये. आदल्या दिवशी काही खाऊ नये, पाणी मात्र भरपूर प्यावं. खाली एक फोन नंबर होता. तोच, मी बंद केलेला.
आज रात्री उडी मारणार नाही. खुर्ची धरून उतरेन.
वर्षअखेरची नोंद. मॅकरेल वीस डबे. बॅटऱ्या, योग्य मापाच्या. पाणी अठरा लिटर, पैकी नऊ आस्ताचं. योजनेप्रमाणे तीन दिवस पुरेल असं लिहिलं होतं. खोडलं. आता सहा दिवस पुरेल.