ड्रायरजवळची तुझी जागा

आई, आपल्या नाचणीच्या ड्रायरला काल पाइपचा गॅस जोडला. एवढंच सांगायचं असतं तर लिहायला बसले नसते.

विश्रांतवाडीच्या गच्चीवर जुन्या साड्या अंथरून तू मोड आलेली नाचणी वाळत घालायचीस आणि ढग आले की जिना चढत धावायचीस. बाबांच्या कंपनीनं माणसांना स्वेच्छानिवृत्ती दिली आणि यंत्रं विकायला काढली, तेव्हा त्यांनी त्यातलाच हा ड्रायर तुझ्यासाठी आणला. भाड्याच्या शेडमध्ये बुद्धवंदना झाली आणि बाबा म्हणाले, "आता आभाळाकडे बघायचं नाही." तू पदरानं त्याचा पत्रा पुसत होतीस. आतल्या लोखंडी पेटीत सिलिंडरचा जाळ, पेटीभोवती तापलेली हवा नाचणीच्या ट्रेंकडे, आणि जाळाचा धूर धुराड्यातून बाहेर. पेटीशेजारी स्टुलावर बसून तू नाचणी हलवायचीस. धूळ नको म्हणून शटर खाली. दुपारी तुझं डोकं ठणकायचं. मग बाहेर उभी राहून चहा घ्यायचीस आणि हसत परत यायचीस. मी म्हणायचे, "तुला चहाचं व्यसन लागलंय." तू म्हणायचीस, "असू दे गं. गोळीपेक्षा बरा."

आता हिंजवडीत नोकरी करणाऱ्या आया बाळांसाठी मोबाइलवरून आपलं नाचणी सत्त्व मागवतात. सिलिंडर पुरेनात, म्हणून पाइपचा गॅस घ्यायचं ठरवलं. जोडणी करायला आलेला तंत्रज्ञ मावळातला, माझ्याच वयाचा. बर्नर बदलण्याआधी त्यानं ड्रायर सिलिंडरवर चालवून पाहिला आणि हातातलं छोटं यंत्र घेऊन फिरू लागला. तुझ्या कोपऱ्यात ते कर्कश वाजायला लागलं. त्यानं गॅस बंद केला, शटर वर ढकललं, म्हणाला, "सगळ्या भायेर व्हा." बाहेर आल्यावर विचारलं, "त्या कोपऱ्यात कोन बसतं?"

"मी," आमच्याकडे नाचणी वाळवणारी बाई म्हणाली.

"डोकं दुखतं का?"

"दुखतं. पण बाहेर येऊन चहा घेतला की उतरतं."

मी पायरीवर खालीच बसले, आई.

पत्रा उघडून त्यानं दाखवलं. पेटीला पूर्वी कुणीतरी ठिगळ मारलेलं होतं, ते एका कडेनं सुटलं होतं. "जाळाचा विषारी वायू इथनं येतोय. त्याला वास नसतो. चहानं नाय उतरत, ताई, भायेरच्या हवेनं उतरतं."

"कधीपासून?"

"ते नाय सांगता येनार. ठिगळावर कंपनीचा रंग हाय, म्हंजे तुमच्याकडं यायच्या आधीचं. काजळीचे थर बसलेत, म्हंजे सुटूनबी लय दिस झाले."

मी शेडचं शटर उचलते आहे. त्या जानेवारीतली दुपार. तू स्टुलावरून भिंतीला कलंडलेली, ड्रायर चालूच. शेजारच्या बायका म्हणताहेत, चेहरा किती छान दिसतोय, गाल गुलाबी, जशी झोपलीये. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं आणि आम्ही ते मानलं. मानायला काही अडचण नव्हती.

आमच्या बाईला तपासायला नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांना तुझ्याबद्दल विचारलं. म्हणाले, त्या वायूनं गाल असे गुलाबी होतात; असू शकतं, पण आता नक्की कोणीच सांगू शकणार नाही. ती बरी आहे. नवी पेटी बसवली, भिंतीवर धोक्याची घंटा लावली, मगच काल गॅस जोडला. निळी ज्योत पेटली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तुझ्या कोपऱ्याकडे बघत होते.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "इतके दिवस काय चाललं होतं?"

"पेटी बदलावी लागली."

"कशाला? भक्कम वस्तू होती. तुझ्या आईला किती आवडली होती."

मी होकारार्थी मान हलवली.

हे लिहून झालं की फाडणार आहे. माझ्या टेबलावरचा प्रत्येक कागद ते वाचतात. त्यांना जपायचं म्हणून मी गप्प बसले, असं तुला वाटेल. तसं नाही, आई. ठिगळाबद्दल माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही.