पलीकडच्या बेटाचा व्हॉल्व

१२ एप्रिल
ह्यांचा डबा घेऊन तलावावर गेले. उन्हाळा असूनही पाणी भरपूर, बघून डोळे निवले! डोंगरातला हा एवढा एक तलाव. तिथून समुद्राखालच्या पाइपांतून तिन्ही बेटांना पिण्याचं पाणी, गावागणिक रोज एक तास. आणि व्हॉल्वची चावी ह्यांच्या हातात! देवापुढे दिवा लावताना आज तेवढंच बोलले. त्याला माहीत असेलच म्हणा.

१५ एप्रिल
दुकानात वाणीणबाईंनी टोमणा मारलाच— "लेक पलीकडच्या बेटावर दिलीय ना? मग तिच्या नळाला काय तोटा!"
म्हटलं, "आमच्या ह्यांना ओळखलं नाहीत तुम्ही. पोटच्या लेकीलाही थेंब जास्त सोडायचे नाहीत."
लगेच साखर तोलायला लागल्या!

१९ एप्रिल
लेक होडीने आली. सोबत दोन रिकामे हंडे! इथून भरून न्यायचे म्हणे. त्यांच्या शेवटच्या गल्लीत पाणी पोचेपर्यंत नळ जातो. मधल्या बेटावर मात्र अंगणं धुतात. "सासूबाई म्हणतात, तलावच आटला असेल, व्याही बिचारे काय करणार?"
आटला? मी आत्ताच तर पाहिला!

२० एप्रिल
मुद्दाम लेकीच्या गावाच्या पाळीला तलावावर गेले. तास निम्मा झाला नाही तोच ह्यांनी व्हॉल्व बंद केला.
"अहो, वेळ आहे अजून!"
"असू दे. लेकीच्या गावाला जास्त सोडतो, असं कुणी म्हणायला नको."
रोज असंच करतात! आणि मी गावभर तोरा मिरवतेय.
राहवलं नाही. "तुमचं नाव स्वच्छ राहावं म्हणून तिने हंडे वाहायचे? आणि तिथल्या बाकीच्या बायकांनी काय घोडं मारलंय तुमचं?"
जेवले नाहीत. मीही आग्रह केला नाही.

२१ एप्रिल
अबोला. ताटातलं उरलं ते मीच खाल्लं— अन्न का टाकायचं?

२३ एप्रिल
तिन्ही बेटांच्या पाणी समितीच्या बैठकीत हे आपणहून उभे राहिले. व्याह्यांसमोर सगळं सांगितलं आणि चावी टेबलावर ठेवली. उद्यापासून दुसरा माणूस. घरी येऊन म्हणाले, "वाढ गं, भूक लागलीय."
वाढताना ऊर भरून आला. केवढा माणूस माझा!