क्रूगरबाईंचा ऑटो आणि माझं चिलीचं पातेलं

तीर्थस्वरूप लुएलाताईस,

टेक्सासहून धाकट्या ऑरविलचा वाकून नमस्कार, वि. वि. तुझी तब्येत ठणठणीत असेल, दाजींचा गुडघा ओहायोच्या थंडीत कुरकुरत नसेल आणि तिकडच्या बायकांनी तुला अजून आपल्या मांस-मिरचीच्या चिलीत राजमा घालायला लावला नसेल, अशी आशा करतो. माझं काय चाललंय ते अक्षरावरून ओळखलंच असशील. एकही ओळ सरळ नाही.

शेजारच्या क्रूगरबाई तू पाहिलेल्या नाहीस. त्यांचा नवरा ऑटो वारला त्याच वर्षी त्यांना कुंपणात अडकलेलं हरणाचं पोरकं पाडस सापडलं. बाटलीनं दूध पाजून वाढवलं आणि नाव ठेवलं ऑटो. आता त्याला चांगली शिंगं फुटलीत, तो ओसरीवर झोपतो आणि बाई त्याच्याशी जर्मनमध्ये भांडतात. (पहिल्याशीही भांडायच्या म्हणे, हा उलटून बोलत नाही एवढाच फरक.) बाई माझ्याहून वीतभर उंच आहेत. मी त्यांना घाबरतो. गेल्या आठवड्यात चर्चमधली प्रार्थना संपल्यावर त्या माझ्याकडे बघून हसल्या, तेव्हा तर इतका घाबरलो की त्या भरात त्यांना जेवायलाच बोलावून बसलो.

शुक्रवारी सकाळी धुक्यात ओढ्याकाठी एक कोवळा नर टिपला. हरणाच्या मांसाला चरबी म्हणून नसते, नुसतं शिजवलं तर चपलेचा तळ होतो, हे तूच शिकवलंस. म्हणून आधी डुकराची चरबी वितळवली, त्यात मांसाचे तुकडे थोडे थोडे परतले (सगळे एकदम टाकले की पाणी सुटतं आणि मग बोंब), सुक्या मिरच्या भाजून, भिजवून वाटल्या, जिरं-लसूण घातलं आणि काल दुपारभर मंद आचेवर ठेवलं. वास असा सुटला की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. ती तेवढीच.

बाई आल्या. पहिला वाडगा बघता बघता संपवला. दुसरा अर्ध्यावर आला तेव्हा चमचा ठेवून म्हणाल्या, "आमचा ऑटो शुक्रवारपासून दिसला नाही हो."

ताई, मला शुक्रवारची सकाळ आठवली. धुकं, ओढा, कोवळी शिंगं! आणि ते हरीण पळालंसुद्धा नव्हतं गं, ओळख असल्यासारखं माझ्याकडे बघत उभं होतं. एवढ्यात बाईंनी वाडगा पुढे केला. "वाढा की अजून एक डाव." मी वाढला. (काय करणार, पाहुणी होती.) कोल्ह्यांवर ढकलावं असं मनात आलं, शब्द जिभेवरही आला. पण बाई मक्याच्या पावानं वाडगा पुसत होत्या, आणि इतक्या सुखानं कुणी माझ्या हातचं कधी खाल्लं नव्हतं. ते तोंड बघून खोटं बोलवेना.

मी उठून उभा राहिलो. "बाई, खाऊ नका. मला वाटतं ऑटोला मीच मारलं. म्हणजे तुम्ही... म्हणजे आपण... तो पातेल्यात आहे."

बाईंनी शांतपणे तोंड पुसलं. "कातडं कुठाय?"

मी मागच्या शेडकडे बोट दाखवलं. जाताना त्यांनी टेबलावरची पाव कापायची सुरी उचलली. मी खुर्चीची पाठ घट्ट धरून उभा. प्रार्थना आठवेना, नुसतं 'आमेन' तेवढं आठवत होतं. पळून जावं म्हटलं, तर दार शेडच्याच बाजूला.

बाई परत आल्या. "कातड्याची दोरी कापायला नेली होती," सुरी ठेवत म्हणाल्या. "ऑटोचा डावा कान फाटलाय. याचे दोन्ही धड आहेत." (त्याच्या कानांकडे निरखून बघायची माझी कधी हिंमत झाली नव्हती.) मग खुर्ची ओढून बसल्या. "गार झालं की हे. गरम करा बघू." मी पातेलं चुलीवर ठेवलं आणि चूल पेटवायचीच विसरलो.

आज सकाळी ऑटो त्यांच्या ओसरीवर उभा होता, गळ्यात लाल फडकं बांधून. मी त्याला लांबूनच टोपी काढून सलाम केला.

दाजींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझा,
ऑरविल

ता. क. चिलीची कृती माझी स्वतःची आहे असं बाईंना सांगून बसलोय. तू काही बोलू नकोस.

ता. क. आता खरं काम. मला बाईंना लग्नाचं विचारायचंय आणि तोंड उघडत नाही. थंडी संपायच्या आत ये आणि माझ्या वतीनं तूच विचार. मी मागच्या खोलीत थांबेन.

ता. क. लुएलाताई, हे अक्षर माझं. पत्र यांनी टपालात टाकायला माझ्याकडे दिलं आणि पाकीट चिकटवायला विसरले. ऑटो शुक्रवारपासून माझ्याच गोठ्यात बंद होता. शिकारीचा हंगाम आहे ना. माणूस खरं सांगतो की कोल्ह्यांवर ढकलतो, तेवढं बघायचं होतं. आमचे पहिले हे ढकलायचे. तुम्ही विचारायला येऊ नका, एकदम लग्नालाच या. यांना मात्र इतक्यात कळवू नका. अजून थोडे दिवस घाबरू देत, घाबरले की छान दिसतात.
— हेडविग क्रूगर